समोरची खुर्ची

प्रिय ताई,

दूरध्वनी तू उचलत नाहीस, संदेशांना उत्तर देत नाहीस, आणि मी मोठ्या परिश्रमाने ध्वनिमुद्रित करून पाठवलेले 'व्यावसायिक ग्लानी : कारणमीमांसा व उपाय' हे व्याख्यान तू पूर्वार्धापर्यंतसुद्धा ऐकले नाहीस, असे विश्वसनीय सूत्रांकडून, म्हणजे भाऊजींकडून, कळते. सबब अस्मादिकांनी लेखणी उचलली आहे. पत्राची एक सोय असते. वाचणाऱ्याने ते मध्येच मिटून ठेवले, तरी लिहिणाऱ्याच्या अहंकाराला त्याचा सुगावा लागत नाही.

तू समुपदेशनाचे काम थांबवलेस, याची भाऊजींना फारशी चिंता नाही. "पाटी काढून माळ्यावर टाकली असती ना, तरी चाललं असतं रे," ते मला गेल्या रविवारी म्हणाले. "पण गुरुवारी संध्याकाळ झाली की ती त्या खोलीत जाते. मी चहा घेऊन गेलो तर बघतो काय, आपल्या खुर्चीत बसलेलीच नाही. समोरच्या खुर्चीत बसली होती. पेशंटच्या. तासभर बसते, मग बाहेर येते आणि भांडी घासायला लागते." आयुष्यभर लोकांची तोंडे उघडून ठेवून त्यांना बोलू न देण्याचा व्यवसाय केलेला हा दंतवैद्य स्वतः अवाक् झालेला मी प्रथमच ऐकला.

बिचाऱ्यांचा प्रयत्न मात्र निष्कपट होता, ताई. तुझ्या कपाटातली दोन पुस्तके त्यांनी चोरून वाचली आणि तुझेच तंत्र तुझ्यावर चालवले. "म्हणजे तुला आत्ता चहा नकोसा वाटतोय, असं मला ऐकू येतंय," असे ते तुला म्हणाले. त्यावर तू, "अहो, नकोसा वाटत नाहीये, नकोय!" असे ओरडून उशी फेकलीस. नेम चुकला. पण भाऊजी त्या उशीवर अजून प्रसन्न आहेत. त्या अख्ख्या आठवड्यात तू उच्चारलेले ते सर्वांत दीर्घ वाक्य होते म्हणे.

गुरुवार का, हे मला ठाऊक आहे, आणि भाऊजींनाही. तुझ्याकडे येणाऱ्यांची नावे तू आम्हाला कधी सांगितली नाहीस. घरात त्यांची ओळख वारावरूनच असे. सोमवारचे काका, बुधवारचे जोडपे, आणि गुरुवारची. गुरुवारची बोलायचीच नाही, म्हणून तू तिला लिहायला सांगितलेस. ती घरून कागद आणायची, तू वाचायचीस, आणि ती तुझ्या चेहऱ्याकडे पाहत राहायची. ज्या दिवशी तिने स्वतःचे लिहिलेले स्वतःच्या आवाजात वाचले, त्या दिवशी तू मला फोन केलास आणि तेवढेच सांगून नुसती हसत राहिलीस. मग या उन्हाळ्यात तिने स्वतःच हे जग सोडून जायचे ठरवले, आणि ती गेली. तुझी चूक नव्हती, असे तुला तुझ्या सहकाऱ्यांनी सांगितले, भाऊजींनी सांगितले, मी तर उपोद्घात आणि उपसंहार यांसह सांगितले. तू प्रत्येकाला "हो" म्हणालीस आणि खोलीचे दार लावून घेतलेस.

इकडची वार्ता अशी की, भावी शिक्षकांना शिक्षण देणाऱ्या आमच्या परमपवित्र संस्थेत यंदा नवे प्राचार्य आले आहेत. त्यांनी 'समानुभूती' या विषयाला वीस गुण ठेवले आहेत. दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या ठायी जाणणे, गुण वीस, उत्तीर्णतेसाठी किमान आठ. बैठकीत मी नम्रपणे पृच्छा केली की, सात गुणांच्या काळजाचे काय करायचे, पुनर्परीक्षा की कृपांक? कोणी हसले नाही. प्राचार्यांनी ती सूचना म्हणून टिपून घेतली. मी थकलो आहे गं. गुडघे तर दुखतातच. पण हल्ली आपला विनोदही आपल्याआधी दमून खाली बसतो, असे वाटते.

तुला आठवत असेल, मी असाच एकदा तुझ्याकडे गाऱ्हाणे घेऊन आलो होतो. माझे विद्यार्थी 'माझे बालपण' या विषयावर असे निबंध लिहितात की जणू सर्वांना एकाच आईने एकाच दुपारी वाढवले. तू विचारलेस, "तू काय करतोस ते वाचून?" मी म्हणालो, "शेरे देतो." तू म्हणालीस, "मग पोरांनी तुला खरं कशाला सांगावं? तपासनीसाला कोणी खरं सांगतं का?" आणि मग मला तो नियम दिलास. वर्गाने लिहायचे तेव्हा शिक्षकानेही लिहायचे. कोणी वाचून दाखवले की स्तुती नाही, सल्ला नाही, दुरुस्ती नाही. ऐकणाऱ्यांनी एकच शब्द म्हणायचा, 'ऐकलं'. "आणि विशेषतः तू, महामहोपाध्याय," तू म्हणालीस, "जीभ चावून गप्प बसायचं. विनोद नाही." घरातला दिवा गेला तर तो बदलण्याऐवजी विद्युत्शास्त्रावर प्रवचन देणाऱ्या धाकट्या भावाला तू लहानपणीच दिलेली ती पदवी. तिला साजेसे मी तेव्हा तुझ्या नियमावरही प्रवचन दिले. पण नियम पाळला.

त्याचे फळ एकच सांगतो. आमच्या वर्गात एक अगडबंब तरुण आहे, त्याला सगळे 'पहाड' म्हणतात. तो बोलताना अडखळतो. त्याने लिहिले होते की, शाळेत त्याचे गुरुजी प्रेमळ होते. इतके प्रेमळ, की तो अडला की ते त्याचे वाक्य पुरे करून टाकत. दहावीपर्यंत त्याचे एकही वाक्य त्याचे स्वतःचे झाले नाही. हे वाचताना तो अर्थातच अडला. वर्गातल्या प्रत्येकाला पुढचा शब्द माहीत होता, आणि कोणीही तो उच्चारला नाही. पंख्याचा आवाज होता तेवढाच. पहाड आपल्या वाक्याच्या अंतापर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचला, आणि आम्ही म्हणालो, 'ऐकलं'. पुढे सरावपाठाला मी त्याच्या वर्गात मागे बसलो होतो. एक चिमुरडी उत्तर देता देता अडली. सगळा वर्ग "सर, मी सांगू?", "सर, मी सांगू?" करत उठला. पहाडाने हात वर करून सर्वांना थांबवले आणि तिच्यासमोर, तो अवाढव्य देह सांभाळत, उकिडवा बसून राहिला. सांगायचे तात्पर्य, तुझी ती बंद खोली आता कुठकुठल्या वर्गांत उघडते, याची तुला कल्पना नाही.

पण एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही. ऐकलेले जाते कुठे? माझ्या वर्गात कोणाचा बाप, कोणाचा मार, कोणाची गेलेली बहीण, सगळे ऐकून मी घरी येतो, आणि तुझी भावजय विचारते, "आज काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, भेंडी महाग झाली." मी आठवड्यातून एकदा ऐकतो आणि इतका दमतो. तू रोज ऐकत होतीस. तू ते सगळे कुठे ठेवत होतीस?

सोमवारी वर्गात लिहायला बसलो. 'संस्थेतील पंख्याचे आत्मवृत्त' असा हमखास हशा पिकवणारा विषय मी योजून आलो होतो. कागदावर उतरले ते मात्र वेगळेच: 'माझी बहीण समोरच्या खुर्चीत जाऊन बसते, आणि तिच्या खुर्चीत कोणीच नसते.' पुढेही काही लिहिले. 'गुरुवारची'बद्दल अक्षर नाही, चिंता करू नकोस. वाचायची पाळी आली तेव्हा पहिल्या बाकाने हसण्याची तयारी करून ठेवली होती. माझ्या ख्यातीचा तो दोष. मी वाचत गेलो, त्यांचे चेहरे उतरत गेले. एका ठिकाणी माझा आवाजच निघेना. कोणी माझे वाक्य पुरे केले नाही. ते संपल्यावर सर्वांआधी मागून, दोनदा अडखळत, पहाडाचा शब्द आला, 'ऐकलं'. मग बाकीच्यांचे. ताई, त्याने काहीही सुटले नाही. उत्तर नाही, उपाय नाही. पण जड कपाट एकट्याने ओढताना कोणीतरी मुकाट्याने दुसरे टोक धरावे, तसे झाले.

आणि तेव्हा ध्यानात आले की, आम्ही सर्वांनी तुला व्याख्यान दिले, तंत्र दिले, निर्दोषत्वाचे दाखले दिले. तुझे वाक्य मात्र प्रत्येकाने पुरे करून टाकले. म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी संध्याकाळी मी येतो आहे. भाऊजींना सांग, चहाबाबत त्यांना काय ऐकू येते ते मला सांगायला नको. तू दर गुरुवारसारखी समोरच्या खुर्चीत बस. मी तुझ्या खुर्चीत बसेन, गुडघ्यांनी परवानगी दिली तर. बोलावेसे वाटले तर बोल. काही लिहिले असशील तर वाच. नाहीतर तास तसाच जाऊ दे. तुझी चूक होती की नव्हती, याविषयी मी चकार शब्द काढणार नाही, आणि विनोदही करणार नाही. ते माझ्या प्रकृतीला किती अपायकारक आहे, हे तू जाणतेसच. तास संपला की तू मला दिलेला तो एकच शब्द मी तुला परत देईन. मग आपण दोघे मिळून भांडी घासू.

तुझाच,
तूर्त मौनाचा सराव करीत असलेला
महामहोपाध्याय