फिकट पायांच्या तेराजणी

३ ऑक्टोबर
हाडांचा वॉर्ड, खाट सात

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पाय प्लास्टरमध्ये लटकवून ठेवलाय आणि मी छताकडे बघत दिवस ढकलतोय. अजून सहा आठवडे तरी सुटका नाही, असं डॉक्टर म्हणतात. तू शिवणाचं दुकान बंद ठेवून माझ्या कोंबड्या सांभाळायला धावून आलीस. शेजारची मावशी सांगत होती, तू खुराडंही घासून लख्ख केलंस म्हणे. कोंबड्यांना इस्त्री तेवढी करू नकोस.

आता कामाचं. आप्पांनी तीस वर्षं निवडून निवडून वाढवलेली ही राखाडी जात फक्त आपल्या खुराड्यात उरली आहे. पैदास केंद्राचे साहेब आठ नोव्हेंबरला येतील. बावीस कोंबड्यांची रोज आठ तरी अंडी खुराड्याच्या फळ्यावर लिहिलेली दिसली, तर केंद्र ही जात पुढे चालवायला घेईल. नाहीतर माझ्यानंतर तिला कोणी वाली नाही. सध्या नऊ मिळतात, म्हणजे जेमतेमच. आकडा रोज लिही आणि मला कळव.

लोभ आहेच, तो खुराड्यापर्यंत पोचू दे.
तुझा,
धाकटा

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

इस्त्रीची चेष्टा पुरे. तू आजारी म्हणून ऐकून घेते आहे.

साहेब येणार म्हटल्यावर मी कंबर कसली. तुझ्या कोंबड्यांचं काय सांगू! निम्म्याहून जास्त अगदी अवतार झालेल्या. पिसं तुटकी, शेपटीच्या काड्या झालेल्या, पाय रक्त नसल्यासारखे फिकट. अशा तेराजणी निघाल्या. आजारी असणार, बाकीच्यांनाही लागण करतील, म्हणून रविवारी कोपऱ्यावरच्या खाटकाला देऊन टाकल्या. आता नऊ राहिल्या आहेत, पण काय देखण्या आहेत! तुकतुकीत पिसं, हळदीसारखे पिवळेधमक पाय. साहेब बघतच राहतील.

अंडी मात्र सोमवारी एक, काल एक आणि आज एकही नाही. जोडीदारणी गेल्या म्हणून बिचकल्या असतील. मी दाणे वाढवले आहेत. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, वेळेवर जेव.

आशीर्वाद आहेतच.
ताई

१३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

ताई, त्या तेराजणीच अंडी देत होत्या. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पायातला पिवळेपणा हळूहळू बलकात उतरतो, म्हणून पाय फिकटतात. अंडी देण्यातच सगळा जीव जातो, नवी पिसं घालायला फुरसत होत नाही, म्हणून त्या फाटक्या दिसतात. ज्या देखण्या राहतात त्या बसून खातात. मीच त्या नऊजणींना पुढच्या महिन्यात काढणार होतो.

तुला बोल लावत नाही. आप्पांनी हे मला शिकवलं, तुला नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. चूक माझी आहे.

एकच आशा आहे. त्या तेराजणींची अंडी घरात असतील तर न धुता, फ्रिजबाहेर ठेव, आणि एखादी खुडूक झालेली, उबवायला बसलेली मिळाली तर तिच्याखाली घाल. चार पिल्लं निघाली तरी साहेबांच्या हातापाया पडून जात वाचवता येईल.

तू जेवतेस ना?
धाकटा

१० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

महिनाभर लिहिलं नाही. काहीतरी चांगलं लिहायला मिळावं म्हणून थांबले होते.

अंडी चौदा होती. मी ती आधीच साबणाने धुऊन फ्रिजमध्ये रचून ठेवली होती. तरीही तुझं पत्र आलं त्या दिवशी, सोळा तारखेला, एक खुडूक होती तिच्याखाली घातली. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. कान लावून बसले, आतून काही टोच आली नाही. परवा साहेब आले. कोंबड्या सुरेख आहेत म्हणाले, फळा वाचला, चहा घेतला आणि जमणार नाही असं सांगून गेले.

लहानपणी मी खुराड्याशी गेले की आप्पा म्हणत, तुझं काम मशीनवर, इथे लुडबुड नको. तो राग मला इतकी वर्षं होता. या वेळी पहिल्यांदा सगळं माझ्या हातात आलं आणि मी हे करून बसले. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. जेवतेस ना, असं विचारलंस, ते सोसत नाही.

आज पंचविसावा दिवस. ती अजून त्या अंड्यांवर बसून आहे. दाण्यालाही नीट उठत नाही, नुसती वाळत चालली आहे. अंडी काढून घे, नाहीतर मरेल, असं मावशी रोज सांगते. मी हात पुढे नेते आणि मागे घेते. माझ्याच्याने होत नाही रे.

पाय बरा झाला की लवकर ये. तोवर माया पातळ करू नकोस.
तुझी,
ताई