राखेत पुरलेला आरसा

३ फेब्रुवारी

ओतला! सकाळी आरसा ओतला आणि लगेच गरम राखेत पुरला. आता महिनाभर कुणी उकरायचा नाही. आमच्या घंटा दुसऱ्या दिवशी बाहेर येतात. या नवाबाला एवढं अंथरूण लागतं!

सिद्धीनं, माझ्या नातीनं, फोन हातात दिला. "अज्जी, मनातलं इथं बोल की. ते लिहितं. मी वाचणार नाही, शप्पथ." मला अक्षर ओळखता येत नाही, ती वाचणार नाही. मग काय हवं ते बोलायला मोकळी.

४ फेब्रुवारी

रात्रभर जागी होते. फोनाला सांगते, घरात कुणाला सांगत नाही.

जुन्या काळी परदेशातले लोक तारे बघायच्या दुर्बिणीत काचेऐवजी धातूचा आरसा बसवायचे म्हणे. एका संग्रहालयाला तसाच हवाय, जुन्याच रीतीनं केलेला, दोन हात रुंद. सिद्धी हे शास्त्र शिकून आली आणि बापाला म्हणाली, "तांबं आपल्याकडं, कथील आपल्याकडं, भट्टी आपली. मग दुसऱ्यानं का करायचा?" सोमशेखर, माझा लेक, घंटा ओततो. माझे मालक ओतायचे तशाच. पण आरशात कथील लई जास्त. त्यानं धातू पांढरा होतो आणि पापडासारखा ठिसूळ. पहिला आरसा तर निवता निवताच मधोमध तडकला.

तेव्हा सोमशेखर म्हणाला, "आता अजून एकदा. ह्योबी तुझ्या हातनं फुटला, तर पुण्याची नोकरी धरायची. भट्टीचं नाव काढायचं न्हाय."

लेक "बरं" म्हणाली. बाप शब्दाचा पक्का, लेक त्याच्याहून पक्की. मधे मी — चटणीसारखी वाटली जाते.

१० फेब्रुवारी

हरिबा, आमचा जुना कारागीर, राखेपाशी काठी घेऊन उभा!

"काय चाललंय रं?"

"कोंबडी हाकलत हुतो, अव्वा."

अंडं न शिवणाऱ्या लिंगायताच्या कारखान्यात कोंबडी! खोटं तरी धड बोलावं माणसानं. काठी काढून घेतली.

११ फेब्रुवारी

सिद्धरामेश्वराला नवस बोलले. काय बोलले ते फोनाला पण सांगणार नाही.

७ मार्च

उकरला. अख्खा!! हरिबानं राखेतच लोटांगण घातलं. सिद्धी रडली. मी नाही — राख गेली होती डोळ्यांत.

सोमशेखर हात मागं बांधून आरशाभोवती फिरला. त्याचे हात मागं गेले की मला धास्ती. घंटा करणाऱ्याला माल वाजवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

"अव्वा, आवाज ऐकल्याबिगर माल चांगला कसा म्हनायचा?"

"तोंड बघून म्हण. बायको तशीच केलीस की."

आतून चंद्रिका, माझी सून, खुसखुसली.

सिद्धीनं दारावर कागद चिकटवला. काय लिहिलंय विचारलं. "हात लावू नका. खाली कन्नडमधे पण — मुट्टबेडा." मला दोन्ही सारखंच! दाराशी खाट टाकली आणि बसले. माझ्याएवढी मोठी पाटी कुठं मिळणार!

२० मार्च

सिद्धी आरसा घासते आणि घासतेच. राळेचा लेप, लाल पूड, पाणी. गोल फिरवायचं, बाजू बदलायची, पुन्हा गोल. छपराचा पत्रा तापला की काम बंद. धातू निवेपर्यंत बसून राहायचं. पोरीचं कोपर सुजलंय. तेल चोळता चोळता म्हटलं, "एवढी भांडी घासली असतीस तर—"

"तर आई खूश झाली असती," म्हणाली. पण हसली नाही. आरशात अजून धुकंच दिसतंय.

२१ मार्च

आरशावर चीर दिसली. ओरडलेच! — माझाच पांढरा केस पडला होता.

२ एप्रिल

कशी सांगू.

सकाळी सिद्धीनं हाक मारली, "अज्जी, ये, बघ!" लांबून बघितलं तर मी उलटी — डोकं खाली, पाय वर. जवळ गेले तर नाक परातीएवढं! म्हटलं, या नाकावर तुझा आज्जा भाळला होता. पोट धरून हसली पोरगी. किती दिवसांनी.

नवी घंटा झाली की पहिला टोल घरच्या लेकीचा. ही आमच्या घरची रीत. फ्रॉक घालायची तेव्हापासून सिद्धीच देते. लाकडी हातोडी तिथंच खिळ्याला टांगलेली. हसता हसता तिचा हात गेला असणार. मी बघितलं नाही — माझी नजर दाराकडं, सोमशेखर येतोय का म्हणून. राखण केली ती पण नको त्याची!

टण्ण. लई गोड आवाज. मग दुसरा आवाज झाला.

वळले तर आरशाचे तीन तुकडे. हातोडी तिच्या हातात. "अज्जी, मी..." एवढंच.

सोमशेखर खरंच दारात होता. सगळं बघितलं त्यानं. हातोडी तिच्या हातातून काढून घेतली आणि निघून गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

३ एप्रिल

पोरीनं बॅग भरली. थांब म्हटलं. "शब्द दिलाय, अज्जी." सोमशेखर ताटावरून उठला. चंद्रिकानं दोघांची ताटं झाकून ठेवली. उद्या संग्रहालयाचे वेणीमाधवराव आरसा बघायला येणार. काय दाखवायचं?

४ एप्रिल

वेणीमाधवराव तुकड्यांपाशी बसले. "कसं झालं हे?"

"माज्या हातनं," सोमशेखर म्हणाला. भिंतीकडं बघत. "घंटेची सवय हो, सायेब. ठोकून बघितला. आता म्या फोडला, तर पुन्ना ओतून द्यायचं मलाच आलं की. सोमवारी भट्टी पेटवतो. पोरगी संगं लागंल. मला एकट्याला जमायचं न्हाय."

सिद्धी तोंड उघडायला गेली. मी तिच्या मांडीला असा चिमटा काढला, अजून चोळतेय.