पांढरी फियाट आणि न मारलेली हाक

मी, जनाबाई म्हस्कू टेंगले, वय ४५ वर्षे, व्यवसाय अध्यापन, राहणार शिरूर (घोडनदी), मूळ गाव मांडवगण फराटा, ता. शिरूर, जि. पुणे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेलं नाही, समोर बसून कोणी सांगतही नाही. पुढच्या गुरुवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, धोका फारसा नाही. "फारसा" म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. पदार्थविज्ञानाच्या पेपरात कोणी "फारसा" लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकवीस वर्षं रोज डायरी लिहिते आहे, पण तिच्यातलं काही मृत्युपत्र म्हणून धरू नये. तिथे मी पुष्कळदा रागाच्या भरात माणसांना माझ्या घरातून बेदखल केलं आहे.

कलम १. शिरूर येथील माझं दोन खोल्यांचं घर, त्यापुढची पत्र्याची शेड, बँकेतली ठेव आणि कॉलेजकडून जे येईल ते, असं सर्व माझ्या भावाची मुलगी कु. सोनम हनुमंत टेंगले, वय १५, हिला मिळावं. ती अज्ञान आहे, म्हणून सज्ञान होईपर्यंत तिची आई गिताबाई हिने पालक या नात्याने सांभाळावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या कॉलेजचे निवृत्त मुख्य लिपिक शंकरराव यांनी करावी.

गिताबाईच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, नावे मी काही ठेवलेलं नाही. त्यामागे राग नाही. या कागदावर तिने साक्षीदार व्हावं अशी माझी इच्छा आहे, आणि साक्षीदाराला त्याच कागदातून काही देऊ नये, असं वकिलांचं म्हणणं पडलं. ते असंही म्हणाले, की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही डोळ्यांसमोर झाली की पुरे. मला मात्र तिने कलम ५ वाचायला हवं आहे. अकरा वर्षं ते माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून कागदाचा आधार घेते.

कलम २. शेडमधली माझी सर्व हत्यारं, पाने, पकडी, दोन जॅक आणि टॉर्चसुद्धा, मार्केट यार्डाजवळच्या गॅरेजवाल्या चांगदेव मिस्त्रीला द्यावीत. त्यात बारा नंबरचा पाना सापडणार नाही. तो २००९ सालापासून चांगदेवकडेच आहे. त्याने दरवेळी "ताई, देवाशपथ न्हाई वो" असं सांगितलं आणि दरवेळी तो पाना त्याच्या खिशातून डोकावत होता. तो आता त्याचाच समजावा. खोट्या शपथेचं त्याने देवाशी परस्पर मिटवावं.

कलम ३. माझ्या वडिलांची काळी घोंगडी सोनमला द्यावी. ती धुऊ नये. तिला डिझेलचा वास आहे, तो का आहे हे तिला कळावं म्हणून लिहिते.

आमचं घराणं मेंढरांमागचं. आजोबांच्या वेळेपर्यंत पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायची रीत होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८८ साली कळप विकला आणि दौंडला एका ठेकेदाराची जुनी जीप घेतली, मांडवगण ते शिरूर वडाप करायला. वडाप म्हणजे नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा बसवायची आणि अठराव्याला "जागा हाय की" म्हणायचं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. जीप दारात आली तेव्हा आईने चाकांवर पाणी घातलं. आबांनी खांद्यावरची घोंगडी काढून बॉनेटवर पसरली, कारण नव्या दावणीला आलेलं जनावर बुजतं. मग ते वाकले आणि बॉनेटला कान लावला. कळपातलं कोणतं मेंढरू आजारी आहे, हे ते डोळे मिटून खोकल्यावरून सांगत. इथे मात्र त्यांना काही उमगेना.

"जने, हिकडं ये. ऐक जरा. ही खोकती का हसती?"

मी कान लावला. घोंगडी टोचत होती आणि खालचा पत्रा गरम होता. "खोकतीय आबा. पण सारखी न्हाई. तीनदा नीट, चवथ्याला खोकती."

"परत मोज."

परत मोजलं. तीनदा नीट, चवथ्याला खोकला.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला शिरूरला चांगदेवच्या गॅरेजवर नेलं. तो तेव्हा विशीतला होता आणि त्याला मिशी फुटल्याचा फार अभिमान होता. आबांनी सांगितलेलं ऐकून तो हसला. "आबा, गाडी आणलीया का मेंढरू? खोकती म्हंजी काय?"

"तू उघड तर."

उघडलं, तर चारपैकी एक नोझल कामातून गेलेला. चांगदेवने हात पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "आबा, ही पोरगी मला कामाला द्या."

"पोरगी शाळंत जाणार. लागला तर कान उसना नेत जा."

मला गाडीचं वेड लागलं ते त्या दिवशी. कोणाचं वेड वेगापासून सुरू होतं, कोणाचं रंगापासून. माझं कानातून आत शिरलं. पुढे रोज सकाळी पहिल्या खेपेआधी आबा मला दारात उभं करत आणि इंजिन सुरू करत. मी मान हलवली की गाडी निघे, नाही हलवली की आबा खाली उतरत. माझ्या शब्दाला एवढी किंमत नंतर कोणी दिली नाही. आपलं एवढं ऐकलं जाण्याची सवय त्या वयात लागणं चांगलं होतं का, हा प्रश्न मी डायरीत बऱ्याचदा विचारला आहे.

कलम ४. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही, एक जुनी तक्रार निकाली काढण्यासाठी आहे. मी गावच्या माळावर जीप शिकले, लायसन काढलं, आणि २००१ साली आबांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा चावी मला मिळेल असं धरून चालले होते. ती माझ्या धाकट्या भावाला, हनुमंताला मिळाली. तो अठराचा होता आणि क्लचवरचा पाय उचलायला विसरायचा.

"जने, हात तुझाच चांगला हाय," आबा म्हणाले. "पण स्टँडवर लोक म्हणतील, म्हस्कूनं पोरीला वडापवर बशिवली."

"म्हणू द्या की."

"तुझं लगीन व्हायचंय अजून."

लग्न पुढे झालंच नाही, त्यामुळे ते कारणही फुकट गेलं. हनुमंत मात्र त्या दिवशी माझ्यामागे शेडपर्यंत आला होता. "ताई, कान तुझा आन् पाय माझा. निम्मी निम्मी गाडी." मी हसले. आतून हसले का, हे सांगता येत नाही, डायरी त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाली. आबांवरची ही तक्रार मी आज मागे घेते. हनुमंतावर माझी तक्रार कधी नव्हती, असं लिहिणार होते. पण पुढचं कलम वाचता ते खरं ठरणार नाही.

कलम ५. ३ ऑक्टोबर २०१४, दसरा. आबा त्याआधीच गेले होते. मी सणासाठी मांडवगणला होते. आदल्या दिवशी खंडेनवमीला हनुमंताने जीपची चाकं काढून धुतली, रिमांना चंदेरी रंग दिला आणि चाकं पुन्हा बसवली. मी म्हणाले, "नट परत एकदा आवळ आणि उद्या चांगदेवला दाखव." कट्ट्यावर शेजारची दोन-तीन माणसं बसली होती. हनुमंत त्यांच्याकडे बघत म्हणाला, "ताई, तू कॉलेजात शिकव. गाडी मी चालवतो." ती माणसं हसली. मी त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं.

दसऱ्याला जीपची पूजा झाली. झेंडूच्या माळा घातल्या, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. हनुमंत एकटाच निघाला, माणसं स्टँडवर भरणार होती. लिंबं चिरडली, सोनम टाळ्या वाजवत होती. गाडी फाटकातून वळली आणि मला आवाज आला. डाव्या पुढच्या चाकातून, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक, टक. टक. टक. नट सैल. मला शंका नव्हती. गाडी तीस फुटांवर होती आणि तिची काच खाली होती.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. मारली तर त्याचं काम बिघडतं. सणाच्या दिवशी, पूजा झालेल्या गाडीला तर मुळीच नाही. मी वीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. मी हाक मारली नाही.

गावापासून चार किलोमीटरवर, कॅनॉलच्या वळणावर चाक निखळलं. हनुमंत एकतीस वर्षांचा होता.

त्या दिवशीची डायरी मी बातमी येण्याआधी लिहिली होती, मध्ये पाऊण तास होता. नोंद अशी आहे: "हनुमंत गेला. डाव्या चाकाला आवाज. हाक मारली नाही." "गेला" हा शब्द मी "निघाला" या अर्थाने लिहिला होता. त्यानंतर मी हा शब्द त्या अर्थाने वापरलेला नाही. वर्गातही "तास गेला" म्हणत नाही.

हाक का मारली नाही, हे नोंदीत नाही. रिवाजामुळे, की आदल्या दिवशीचं हसणं मनात होतं म्हणून? एका परिणामामागे दोन कारणं दिसली, तर एक बंद करून दुसरं तपासावं, असं मी मुलांना शिकवते. इथे प्रयोग पुन्हा करता येत नाही. कधी मला रिवाज खरा वाटतो, तेव्हा मी स्वतःला थोडी सवलत देते. मग आठवतं की "बघू दे मग" असा काहीसा विचार माझ्या मनाला शिवला होता. तो आवाज ऐकल्यावर आला की आधी, हे मला ठरवता येत नाही.

त्या वेळी अंगणात आणखी कोण होतं आणि कोण काय बोललं, याचा इथे संबंध नाही. आवाज ओळखणारी मी एकटी होते.

गिता, हे मी तुला तेराव्याला सांगायला हवं होतं. नंतर वर्षश्राद्धाला. नंतर दर दसऱ्याला. सोनमला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव.

(वरील कलमात एक शब्द खोडला असून तेथे मी सही केली आहे.)

कलम ६. माझी पांढरी फियाट, १९९२ सालची, यवतच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली, सोनमला मिळावी. कागदपत्रं कपाटात वरच्या कप्प्यात आहेत.

सोनमला मी काही शिकवलेलं नाही. शिकवायची परवानगीच नव्हती. या श्रावणात दोघी मायलेकी माझ्याकडे आल्या होत्या. समोर भाजीचा टेम्पो सुरू झाला आणि सोनम सहज म्हणाली, "आत्या, ह्याचा बेल्ट रडतोय गं." मी कप खाली ठेवून कान दिला. बेल्ट खरोखरच गेला होता. गिता आतून ताडकन बाहेर आली.

"सोनम! गाडीचं नाव काढलंस तर तंगडं मोडीन."

"मी बसले बी न्हाई, नुसतं ऐकलं!"

"ऐकायचं बी न्हाई."

"आत्या चालवती ते चालतंय व्हय?"

"आत्याचं आत्यापाशी."

गिता पोरीला अजून कोणाच्याही गाडीत पुढच्या सीटवर बसू देत नाही, एसटीनेच पाठवते. ती मला दोष देते, असं मी त्या दसऱ्यापासून धरून चालले आहे. तिने तसं कधी म्हटलेलं नाही, हेही इथे नोंदवते.

पालक म्हणून ही गाडी भंगारात घालायचा अधिकार गितालाच राहील. तशी मनाई घालायला वकील तयार होते, मी नको म्हटलं. तिला अट घालायचं तोंड मला नाही. विनंती करते, की सोनम अठराची होईपर्यंत गाडी शेडमध्ये राहू द्यावी आणि चांगदेवने दर पंधरा दिवसांनी ती सुरू करावी.

सोनम, काही वेगळं ऐकू आलं तर बोल. सण असो, कोणी हसो, माणूस फाटकाबाहेर पडलेला असो. मागून ओरड.

कलम ७. माझ्या अंगावर झेंडू घालू नये.

वरचा सर्व मजकूर मी दोनदा वाचला. बदलावंसं पुष्कळ वाटलं. बदललं असतं तर बरं दिसलं असतं, खरं राहिलं नसतं. म्हणून आहे तसाच दोन साक्षीदारांसमोर सही करून कायम करते.

ठिकाण: शिरूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: जनाबाई म्हस्कू टेंगले

साक्षीदार क्र. १: शंकरराव, निवृत्त मुख्य लिपिक, रा. शिरूर. मजकूर वाचलेला नाही. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार क्र. २, स्वहस्ते: वन्सं, वाचलं. समदं लिवलं आन् एवढंच गाळलं. हाक तुमच्या तोंडात आली व्हती. मी तुमचा हात धरला आन् म्हनले, मागनं हाक नका मारू वन्सं, आज दसरा हाय. तुमाला कायतरी ऐकू आलंय हे मला तवाच कळलं व्हतं. तरी हात सोडला न्हाई. तुमाला दोष कुठून देऊ. पोरीचा कान बघून भ्या वाटतं, एक दिवस ती मला इचारील. गाडी ऱ्हाऊ द्या. चावी पोरीच्या हातात दोघी मिळून देऊ आन् दोघी मिळून सांगू. गुरवारी मी संगं येते. तुमी परत न्हाई आला तर मला एकटीला सांगावं लागंल.

सही: गिताबाई हनुमंत टेंगले, रा. मांडवगण फराटा