उघड्या तिजोरीबाबत शेवटची व्यवस्था

मी, भरत चांगू उतेकर, वय २६, राहणार खडपकोंड, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून, स्वतः टाईप करून आणि शुद्धलेखन दोनदा तपासून लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गावकीचे मत वेगळे आहे, परंतु गावकीने त्यासाठी डॉक्टरचा दाखला आणलेला नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मला भीती वाटते हे खरे, पण ती माणसाची नाही. ती घरामागच्या डोंगराला पडलेल्या भेगेची आहे.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी मृत्युपत्र करतो. मागील सर्व याद्वारे रद्द. पोलादपूरच्या दस्तलेखकाने सांगितले की कायद्यात शेवटचे मृत्युपत्र तेच खरे. कायद्याला ते परवडते. फाईलच्या बाबतीत शेवटची ती खरी असे धरून चालले की काय होते, ते कलम ३ मध्ये येईल.

कलम १. घर, भाताची खाचरे आणि मोटारसायकल माझी आई मंजुळा हिला. मोटारसायकल विकावी. आईने माझ्या मागे या घरात झोपू नये. ही विनंती नसून अट आहे. मी येथे झोपतो कारण पर्जन्यमापक येथे अंगणात आहे. आई येथे झोपते कारण मी झोपतो. मी नसलो म्हणजे तिला कारण उरत नाही.

कलम २. तिजोरी म्हणजे काय, हे माहीत नसलेल्यांसाठी. गावकीतील बहुतेक सर्व त्यात येतात.

तळीयेची दरड कोसळल्यानंतर आमच्या कोंडाने, म्हणजे डोंगरातल्या या वस्तीने, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या मदतीने फोनवरून इशारा देणारी एक सेवा घेतली. पाऊस पर्जन्यमापकातील लाल खुणेवर गेला की मी त्या सेवेच्या पानावर जाऊन बटण दाबायचे. मग यादीतील प्रत्येक फोनवर, अगदी साध्या फोनवरही, कॉल जातो आणि आवाज सांगतो की घर सोडा, शाळेच्या पठारावर या. या सेवेचा पासवर्ड, मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड आणि असेच इतर, मी एका कुलूपबंद फाईलमध्ये ठेवले. तिला आम्ही तिजोरी म्हणतो. ती फाईल मंडळाच्या क्लाउडवर राहते. माझा लॅपटॉप, माझा फोन आणि मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे माझे चुलते सयाजी उतेकर यांचा मुंबईतील फोन, तिन्ही ठिकाणी तीच फाईल दिसते. एकाने बदल केला की बाकीच्यांकडे आपोआप जातो. मुख्य पासवर्ड एकच. तो लावला की सर्व उघडते. शिकवायला अर्धा तास पुरे.

मागील वर्षी शिमग्याच्या बैठकीत हे सांगितले, तर सयाजीकाका उभे राहिले.

“देवीच्या रुप्यांच्या पेटीला तीन कुलपं. तीन मानकरी जमल्याबिगर रुपं भायेर येत नाय. आन ह्या तिजोरीला एकच पासवर्ड? गावाचा मान हाय का नाय?”

रुपे म्हणजे पालखीत बसणारे देवीचे चांदीचे मुखवटे. ते वर्षातून एकदा लागतात. पासवर्ड रोज लागतो. हा फरक मी सांगितला. मला खाली बसवण्यात आले.

मग मुख्य पासवर्डाचे तीन तुकडे करण्यात आले. पहिल्या तुकड्याचा मान काकांचा, दुसऱ्याचा देवळाचे गुरव हैबतीबाबा यांचा. तिसरा माझा, कारण टाईप करायला कोणीतरी लागते. काकांनी आपला तुकडा देवीच्या नावाचा ठेवला आणि हैबतीबाबांनी आपल्या म्हशीच्या. ते दोन्ही मी ओळखले यात माझी हुशारी काही नाही. ती म्हैस सर्वांना माहीत होती. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर तिजोरी मी एकटाच उघडू शकत होतो.

तिघांनी आळीपाळीने, दुसऱ्यांना पाठ फिरवायला लावून, काकांच्या फोनवर आपापला तुकडा टाकला. नारळ फोडला. तिजोरी उघडली. मी म्हणालो, “काका, आता बंद करा.”

“येडा का रे? परत तिगं कुठं जमवायचं? ऱ्हाऊ दे उघडी.”

काकांचा मुलगा हृतिक मुंबईत इंजिनिअरिंग करतो. त्याने फोन हातात घेतला. “भाई, टेन्शन मत ले. मी ऑटो-लॉकच ऑफ केलाय. आता ही कधी बंदच होणार नाय.”

सर्वांनी त्याचे कौतुक केले. तीन कुलपांची तिजोरी दार सताड उघडे टाकून मुंबईला गेली.

कलम ३. मागील वर्षीचा आषाढ.

जूनमध्ये सेवेने पासवर्ड बदलायला लावला. मी नवा लांब पासवर्ड केला. तो मला पाठ नव्हता. पाठ करावा लागू नये यासाठीच तिजोरी असते. त्याच वेळी मी सेवेच्या यादीत खालच्या बौद्धवाडीचे नंबर घातले. गावकीने ते आधी घालू दिले नव्हते, “ती वाडी आपल्या गावकीत नाय” असे म्हणून. माती वहाळाने, म्हणजे ओढ्यानेच, खाली जाते आणि वहाळ त्या वाडीच्या मागून जातो, हे गावकीला माहीत आहे. पावसात आपल्याच घराच्या मागे चार पावले जायला मात्र गावकीला सवड नसते.

मी जतन केले. क्लाउडवर नवी फाईल गेली. परंतु काकांच्या फोनात शिमग्यापासून जुनीच उघडी होती, आणि उघडी असलेली फाईल नवे काही आत घेत नाही. जुलैत काकांनी तिच्यात मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेच्या पानाचा पासवर्ड लिहिला आणि जतन करायला गेले. फोनने त्यांना विचारले की दुसरीकडे या फाईलमध्ये बदल झाला आहे, दोन्ही एकत्र करू की तुमची वर ठेवू? काकांनी आपली वर ठेवली. जन्मभर तेच केले आहे.

त्यांची जुनी फाईल क्लाउडवर गेली, तेथून माझ्या लॅपटॉपवर आणि फोनवर आली. नवा पासवर्ड नाहीसा झाला. मला कळले नाही, कारण कळेल असे काही घडतच नाही. फाईलचे नाव तेच, रूप तेच, तारीख उलट अधिक ताजी.

दोन दिवसांनी दुपारी पाऊस लाल खुणेवर गेला. आमच्याकडे इंटरनेट फक्त खडपावर, म्हणजे उघड्या कातळावर, मिळते. मी लॅपटॉपवर खताची रिकामी पिशवी धरून खडपावर बसलो. पासवर्ड चुकीचा. पुन्हा चुकीचा. मग पान बंद झाले आणि उद्या प्रयत्न करा म्हणाले. काकांना फोन लावला.

“काका, तिजोरीत जुनी फाईल आलीय. क्लाउडमध्ये आधीच्या प्रती असतात, खातं तुमच्या नावावर आहे, तुम्हालाच दिसतील. परवाच्या आधीची परत आणा.”

“आधीचीच तर हाय रे. मी जुनीच ठेवलीय.”

“जुनी नको, काका. मधली.”

“पाऊस काय पयल्यांदा बघतोस काय? हृतिक आला का सांगतो.”

हृतिक मॅच खेळायला गेला होता. त्याच स्पर्धेची.

मी देवळाच्या पडवीतून शिमग्याचा ढोल काढला आणि सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, वाजवत राहिलो. मला ढोल येत नाही. वरचा कोंड धावत आला, तो मला मारायला. हैबतीबाबा सर्वांत पुढे.

“कोणाच्या परवानगीनं रे? शिमगा नाय, सण नाय, देवीला काय सांगू मी?”

त्यातला एकही माणूस पठाराकडे गेला नाही. सर्व सहाणेवर माझ्याभोवती उभे राहून मान, परवानगी आणि विटाळ यांवर बोलत होते. तेवढ्यात डोंगर खाली आला. शेजारच्या तुळसाकाकीचा गोठा गेला, आणि त्यात बांधलेली हैबतीबाबांची म्हैस. सहाण दुसऱ्या अंगाला आहे. म्हणजे कोंड वाचला तो रागाने, अकलेने नव्हे. हे लेखी असावे असे मला वाटते.

माती पुढे वहाळाने बौद्धवाडीत गेली. मागच्या रांगेच्या सर्व घरांच्या भिंती पडल्या. आत कोणीही नव्हते. पूर्ण वाडी पठारावर जाऊन बसली होती, म्हाताऱ्यांसकट, शेळ्यांसकट.

त्यांना आम्रपाली अश्विन गायकवाड यांनी काढले. त्या महाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. त्या दिवशी गाडी न आल्याने घरी होत्या. मी नंतर विचारले, ताई, तुम्हाला कसे समजले?

त्या म्हणाल्या, “तुमची पालखी आमच्याकडं कधी आली नाय. मंग आषाढात ढोल वाजतो तो काय आमच्या कौतुकाला? कायतरी येतंय म्हटलं. निघालो.”

कलम ४. गावकीने मला विनापरवाना ढोल वाजवल्याबद्दल देवीपुढे नारळ ठेवण्याचा दंड केला. मी तो ठेवला. काकांना मंडळाने स्पर्धा यशस्वी केल्याबद्दल शाल दिली. दोन्हींचे फोटो मंडळाच्या पानावर एकाच दिवशी आहेत.

कलम ५. किरकोळ वाटप.

सयाजीकाकांना माझ्या ट्रंकेचे गंजलेले कुलूप. ते लागत नाही, उघडतही नाही. नुसते लटकते. काकांना ते शोभेल.

हृतिकला माझी बारावीची गुणपत्रिका, गणितात नापास झाल्याची, मूळ प्रत. तो प्रत्येक लग्नात तिची चौकशी करतो. आता घरी नेऊन पाहावी.

गावकीला ढोलाचे ते टिपरू, जे वाजवताना माझ्या हातात मोडले. नवे त्यांनी आणलेले नाही.

तुळसाकाकीला गोठ्यासाठी पत्रे मी जिवंतपणीच दिले आहेत. मृत्युपत्रातून दिले असते तर साक्षीदार म्हणून तिची सही चालली नसती, असे दस्तलेखक म्हणाला, आणि सही करणारे वरच्या कोंडात फार नाहीत.

कलम ६. मुख्य.

इशाऱ्याची सेवा मी मंडळाच्या तिजोरीतून काढली आहे. तिच्यासाठी नवी तिजोरी केली आहे, वेगळ्या क्लाउडवर. जुनी तिजोरी काकांच्या फोनात अजूनही उघडी आहे. तिच्यात आता क्रिकेटच्या पानाचा पासवर्ड उरला आहे. त्याचा मान काकांनी राखावा.

नवी तिजोरी, लॅपटॉप, पर्जन्यमापक आणि खडपावर लॅपटॉपवर धरायची खताची पिशवी, हे सर्व आम्रपालीताईंना. नवा मुख्य पासवर्ड एकाच तुकड्याचा आहे आणि तो त्यांनीच ठरवला आहे. येथे लिहिलेला नाही, शोधू नये. कोणत्याही जनावराचे नाव नाही.

त्यांना हे सर्व माहीत आहे, तरी माझ्या समाधानासाठी लिहितो. काम झाले की तिजोरी बंद करावी, दर वेळी. लॅपटॉपवर बदल केला तर तो फोनवर आलेला डोळ्यांनी पाहावा, मगच उठावे. एकत्र करू की वर ठेवू असे विचारले तर एकत्र करावे. क्लाउडवर भरवसा ठेवून एक प्रत पेनड्राइव्हवर काढायचे विसरू नये, आणि तो पेनड्राइव्ह माझ्या घरात ठेवू नये, डोंगर आधी त्याच घरात येईल. पावसाळ्यापूर्वी एकदा पासवर्ड लावून पाहावा, पाऊस पडत नसताना.

गावकी म्हणेल की बौद्धवाडीतील बाईकडे कोंडाची चावी कशी. त्यांना सांगावे की पेटीची चावी मानाने जाते. ही चावी ज्याने ढोल ऐकून पठार गाठले त्याच्याकडे जाते, आणि तसे तुमच्यात कोणी नव्हते. नको असेल त्याने आपला नंबर यादीतून काढून घ्यावा, तशी सोय आहे. आजपर्यंत एकानेही काढलेला नाही.

काल आम्ही चाचणी घेतली. ताईंनी बटण दाबले. कोंडात आणि वाडीत सर्व फोन वाजले. आवाज आता ताईंचा आहे. मुंबईहून काकांचा लगेच फोन आला.

“कोण बाई हाय ती? मला सांगते घर सोड म्हणून?”

काकांचा नंबर यादीतून कधीही काढू नये. त्यांच्यावर डोंगर पडणार नाही. तरीही दर वेळी वाजला पाहिजे.

कलम ७. माझ्या अंत्ययात्रेला ढोल वाजवू नये, मी वयाने कितीही मोठा होऊन मेलो तरी. पावसाळ्यात मेलो तर मुळीच नाही. ढोल ऐकला की खालच्या वाडीने पठारावर जायचे, असे ताईंचे आणि माझे ठरले आहे. माझ्यासाठी कोणी उगाच घर सोडू नये.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. तुळसाकाकीने ऐकून घेतले आणि सही केली. हैबतीबाबा बोलावल्याशिवाय आले होते. त्यांनी विचारले, “माझा तुकडा नाय ह्यात?”

“नाही बाबा.”

“बरं झालं. म्हसबी गेली.” मग अंगठ्याला शाई लावून थांबले. “आन तुला न्यायचा कसा रे? मुक्यानं?”

“मुक्यानेच.”

त्यांनी अंगठा केला. पडवीत ढोल ज्या दोरीने बांधलेला असतो ती यापुढे सोडूनच ठेवीन, म्हणजे तो लगेच काढता येईल, असे त्यांनी कबूल केले. ते येथे नोंदवले आहे, म्हणजे बदलता येणार नाही.

लिहून ठेवणार: भरत चांगू उतेकर (सही)

साक्षीदार:
तुळसा धोंडू शेलार (सही)
हैबती रामा गुरव (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम खडपकोंड, तालुका पोलादपूर
दिनांक १८ मे २०२५. आकाश निरभ्र. पर्जन्यमापक कोरडा, तपासला.