लॉरीतली पुढची बैठक

मंगरूळपीर, शनिवार, १९३८

आज अकोल्याला माझ्या भाजीमळ्यासाठी नवी लॉरी ठरवली. धाकटे दीर सोबत होते. दुकानदार सगळं त्यांनाच विचारत होता, मागचा सांगाडा सागाचा की बाभळीचा, छप्पर पत्र्याचं की ताडपत्रीचं.

मी म्हटलं, "मले इचारा. गाडी माही हाय."

साग सांगितला. ताडपत्री सांगितली, भाजीला वारा लागतो. पुढे ड्रायव्हरशेजारी रुंद बैठक सांगितली, तेव्हा दीर दचकले.

"वैनी, तिथं कोन बसनार?"

"मीच."

"लोक काय म्हनतीन?"

नवरा गेल्यापासून मळा मीच चालवते. मागे वांग्यांच्या टोपल्यांत अंग चोरून बसू? पण बैठक मागताना आवाज का कापला माझा? कापला तरी मागितली. परतताना दीर माझ्यापासून दूर जाऊन बसले. बसोत. कागदावर मी सही केली, अंगठा नाही.