एका अर्जाची पडकई

आहुपे, रविवार

तीर्थस्वरूप दादाभाऊ यांना धाकट्या चुलतभावाचा, रखमाजीचा, वाकून नमस्कार. अवसरीत तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी देतात ते तेल लावता का, की नोकरीत कागदांवर मारायचात तसा त्याच्यावरही नुसता शेरा मारून ठेवता? इकडे आम्ही सुखरूप. म्हैस व्याली. (रेडा झाला, पण दूध भरपूर आहे.)

मोठी बातमी म्हणजे आपल्या तेजस्विनीचा पुण्याला सरकारी कॉलेजात नर्सिंगला नंबर लागला. फी माफ आहे, पण राहायचं सरकारी वसतिगृहात जमलं तरच, आणि त्याचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. जागा मिळाली नाही तर माझी पोरगी परत डोंगरावर. म्हणून ठरवलं, हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, पडकई करू. (तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो: एकाच्या भातखाचरात सगळं गाव राबतं, मजुरी नाही, जेवण घरधन्याचं; पुढच्या वेळी दुसऱ्याचं खाचर.) शेजारच्या सोनीबाईनं नाचणीच्या भाकरी बांधल्या, जानकूनं जीप काढली आणि चौदा माणसं एक अर्ज भरायला तालुक्याला निघालो. म्हातारा भिमाजीही घेतला, कारण मशीनवर बोट लावायची वेळ आली तर गावात त्याचेच ठसे अजून नीट उमटतात. (आयुष्यात काम केलं असेल तर पुसले जातील ना.)

सेवा केंद्रवाल्यानं आम्हाला बघितलं आणि शटर ओढलं. त्याला वाटलं मोर्चा आला. मग शेजारच्या कचेरीतले एक साहेब बाहेर आले, लई नम्र माणूस. हात जोडून त्यांनी विचारलं, तुमची मागणी काय? आता कुणी इतक्या प्रेमानं विचारल्यावर गप्प कसं बसायचं? भिमाजी म्हणाला, "पोरीला निजायला जागा पायजे." सोनीबाई म्हणाली, "एकीलाच का? समद्या पोरींना पायजे." साहेबांनी लिहून मागितलं, तेजस्विनीनं लिहून दिलं, शिक्का बसला, फोटो निघाला, चहा झाला. आम्ही गड सर केल्यासारखे घाटाला लागलो. घरी येऊन सोनीबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, तर अर्जाचे सगळे कागद उरलेल्या भाकरीखाली जसेच्या तसे.

दादाभाऊ, भावकीतल्या गोकुळच्या लग्नात तुम्ही पंगतीत म्हणाला होता की फुकट शिकवलं की शिक्षणाला किंमत राहत नाही. माझ्या तोंडात बुंदी होती म्हणून मी बोललो नाही. पण पडकई कधी फुकट असते का? साबणाची वडी घेतली तरी सरकारचा वाटा आम्हीही देतोच. सगळ्यांचा घाम आज एका खाचरात, उद्या दुसऱ्यात, एवढंच. आणि ही पोर नर्स झाली तर काय फक्त माझ्याच घरात सुया टोचत बसणार आहे? मला त्या दिवशी राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण पलीकडच्या पंगतीत तेजस्विनी वाढत होती. तिनं ऐकलं.

असो. वहिनींना नमस्कार. तेल लावत जा.

आपला,
रखमाजी

ता. क. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. केंद्रवाला आता जानकूची जीप दिसली तरी शटर ओढतो. तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि तुमचा जन्म लोकांचे अर्ज तपासण्यात गेला. हे पत्र घेऊन आलेली तेजस्विनी दारात उभी असेल, तिला आधी बसायला सांगा.

ता. क. दुसरा. दाखले शोधताना आमच्या बाबांच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या वसतिगृहाच्या अर्जाची नक्कल सापडली, सन एकोणऐंशीची. पालक म्हणून बाबांचा अंगठा आहे. तो अर्ज द्यायला ते घाट उतरून चालत गेले होते. तेव्हा खाचर तुमचं होतं.

ता. क. तिसरा. राबणाऱ्याला जेवण घरधन्यानं द्यायची रीत आहे, म्हणून तेजस्विनीच्या पिशवीत तुमच्यासाठी भाकरी आणि ठेचा पाठवलाय. कागद या वेळी वर ठेवलेत.