तिसऱ्यांचं सांगितलंत का?

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
१६ मार्च २०२५

ती. आईस,
शाल्मलीचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर मी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी तू 'काय झालं गं?' विचारतेस आणि मग मला काही लपवता येत नाही. म्हणून कागद घेतला. बाबांचा गुडघा कसा आहे? इथे ऊन वाढलंय, पण नागपूरकराने बेंगळुरूच्या उन्हाची तक्रार करणं शोभत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही कारवारला जाऊन आलो. शुभंकरनेच ठरवलं. म्हणाला, वर्षभर आपण दोघं नुसते घर आणि ऑफिस करतोय, माणसांत आल्यासारखं हसूया तरी. काळी नदी समुद्राला मिळते तिथे डोंगर जंगलासकट पार पाण्यापर्यंत उतरलेत. आई, तू बघायला हवं होतंस. एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला इतकं दाट रान की दुपारीही आत सावली. रत्नाबाई नावाच्या बाई आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, तिथे उतरलो. त्यांचं मराठी कोकणीत बुडवून काढलेलं. निम्मं कळायचं, निम्म्याला मी मान डोलवायचे.

शुभंकरने सगळे बेत आखून ठेवले होते. डॉल्फिन बघायला बोट, खारफुटीतून कयाक, बेटाजवळ पाण्यात बुडी. आणि चिखलदऱ्याच्या सहलीत हरवून शेवटी झाडावर सापडलेली तुझी मुलगी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत होती. बोट लागते. खांदा भरलाय. पाणी गार असेल. तो एकटाच बोटीतून गेला आणि मी खडकावर दुर्बीण घेऊन बसले. डॉल्फिन मला दिसले, दोन, एकामागे एक पाठी वर काढत. बोटीतून तो आनंदाने हात हलवत होता आणि मग हळूच त्याने हात खाली घेतला. बाजूला दाखवायला कोणी नव्हतं ना. मला फार वाईट वाटलं.

जंगलात मात्र मी गेले. मल्लाप्पा नावाचे वाटाडे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून एका उंच झाडातली ढोली दाखवली. आत धनेशाची मादी होती. ती अंडी घालायच्या वेळी स्वतःला आत कोंडून घेते, दार लिंपून टाकते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून तिला फळं आणून भरवतो. नर आला तेव्हा पंखांचा केवढा आवाज! एकेक फळ गळ्यातून वर काढायचा आणि फटीत द्यायचा. शुभंकर बघतच राहिला. मी म्हटलं, ऊन लागतंय, चल परत. त्या वेळी मला तिथे उभंच राहवेना.

आता जेवणाचं सांगते, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. पहिल्या दिवशी सोलकढी आणि तळलेला बांगडा. वासानेच मी मागच्या अंगणात पळाले. रत्नाबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओल्या परडीतून काहीतरी घेऊन आल्या, मला बरंच काही सांगितलं, मी मान डोलावली. संध्याकाळी पानं मांडताना त्या जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "यांना तिसऱ्यांचं सांगितलंत का? आधी सांगितलेलं बरं. मागाहून त्रास नको."

आई, मला वाटलं, या बाईने सगळं ओळखलं. तिला आकडा कुठून कळला, एवढा साधा प्रश्न त्या वेळी सुचला असता तर हे पत्र आज निघालं नसतं.

मी रडायलाच लागले. म्हटलं, "नाही हो सांगितलं. कसं सांगू? पहिली दोन राहिली नाहीत. दुसऱ्या वेळी हा न्हाणीघरात नळ सोडून रडत होता, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आता तिसऱ्यांदा याला आशा लावायची आणि परत..."

रत्नाबाई वाडगा हातात धरून तशाच उभ्या. "अगो बाय," त्या म्हणाल्या, "मी शिंपल्यांचं म्हणत होते. कुणाकुणाच्या अंगावर पित्त उठतं."

नदीतल्या शिंपल्यांना तिकडे तिसऱ्या म्हणतात. आपण नागपूरची माणसं, आपल्याला तिसऱ्या म्हणजे दुसऱ्यानंतरच्या! आणि दारात शुभंकर उभा होता.

तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, तुला माझ्याबरोबर आता काही करावंसंच वाटत नाही." एवढंच. मग आम्ही दोघंही रडलो, आणि रत्नाबाईसुद्धा. त्यांनी तिसऱ्या माझ्यासमोरून उचलल्या, म्हणे उष्ण पडतात, आणि गरम पेज आणली. शुभंकर चमच्या-चमच्यावर फुंकर घालून मला देत होता. मला तो झाडावरचा नर आठवला आणि रडता रडता हसू आलं. तिसऱ्या कशा लागतात हे मला अजून माहीत नाही!

परत येताना स्टेशनपासून घरापर्यंत तो प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाल्याला "अण्णा, स्वल्प निधान!", म्हणजे 'दादा, जरा हळू', म्हणत होता. त्याला येणारं सगळं कन्नड त्यात संपलं. शेवटी रिक्षावाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, "सरी अक्का", म्हणजे 'बरं ताई', म्हणाला, आणि घरापर्यंत रिक्षा पायी चालत असल्यासारखी आणली.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. ठोके ऐकले. या वेळी पहिल्यांदाच ऐकले, आई. डॉक्टर म्हणाल्या, आत्तापर्यंत सगळं नीट आहे. 'आत्तापर्यंत' हा शब्द मी दिवसातून कितीदा तरी मनात म्हणते. भीती गेलेली नाही. पण आता ती माझ्या एकटीची राहिली नाही, आणि तुझ्यापासून लपवायचीही ताकद नाही. मला तू हवी आहेस.

इतक्यात कोणाला सांगू नकोस, बाबांशिवाय. पेढे नकोत, नवस नको, ओटीची घाई नको. एक मात्र कर. पहिल्या वेळी तू तुझ्या मऊ सुती साडीचं दुपटं शिवलं होतंस. नंतर मी ते कोणाला तरी देऊन टाक म्हटलं आणि तू 'दिलं' म्हणालीस. दिवाळीत तुझ्या कपाटात शाल शोधताना मला ते सगळ्यात खाली दिसलं होतं. मी फक्त शाल परत त्यावर नीट ठेवली.

ते पाठवू नकोस. नुसतं बाहेर काढ आणि गच्चीवर उन्हात घाल.

तुझी, घाबरलेली आणि तरी आनंदात असलेली,
शाल्मली